थर दिसतायत

सी.टी. स्कॅनच्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत दोन शब्द होते आणि त्यांच्यामध्ये एक ‘किंवा’ होता. कॉक्स किंवा निओप्लाझम. धाकट्या भावाने मोबाइलवर अर्थ शोधला आणि मोबाइल पालथा करून बाकावर ठेवला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “टीबी असू शकतो म्हणतायत.” दुसऱ्या शब्दाबद्दल, म्हणजे कॅन्सरच्या गाठीबद्दल, तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्या ‘किंवा’वर आमच्या घराने एकोणीस दिवस काढले.

मी देवगड तालुक्यातला, हापूसची कलमं हाच आमचा व्यवसाय. २०२२ च्या दिवाळीनंतर जेवलं की पोटात कळ यायला लागली. लगेच नाही, पाऊण-एक तासाने. बेंबीभोवती पीळ पडायचा, मग उजव्या बाजूला एक गोळा वर यायचा. हात ठेवला तर तो हाताखाली कडक लागायचा. थोड्या वेळाने मोठ्याने गुडगुड होऊन गोळा विरघळायचा आणि लगेच बरं वाटायचं. दिवस मोहोराच्या फवारणीचे होते, त्यामुळे औषध पोटात गेलं असेल असं मी धरून चाललो. संध्याकाळी अंग किंचित तापायचं, तेही उन्हातल्या कामावर ढकललं. वजन ६८ किलोवरून ५७ वर आलं तेव्हा बायकोने मला गाडीत बसवलं.

अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या. तालुक्याला एका ठिकाणी सोनोग्राफी झाली. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली बायाबापड्या, म्हातारे, लेकुरवाळ्या अशी चाळीसएक माणसं बसलेली. माझी तपासणी सात-आठ मिनिटांत आटोपली. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, मूत्रपिंडं नॉर्मल. खाली एक ओळ होती: आतड्यात वायू जास्त असल्याने पुढील तपासणीस मर्यादा. ती ओळ मी वाचली, पण तिचा अर्थ मला कळला नाही. ‘आतडं पाहिलेलं नाही’ असा तो अर्थ होता. मी मात्र सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो आणि पुढचे दोन महिने त्या समाधानावर दुखणं अंगावर काढलं. आजही कुणी मला ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ म्हटलं की मी रिपोर्ट मागून घेतो आणि खालची ओळ वाचतो.

जेवण आपोआप बदलत गेलं. भाकरी सुटली, सुकटीची चटणी सुटली, फणसाची भाजी तर नावसुद्धा काढायचं नाही. उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी एवढ्यावर मी जगत होतो. पेज पोटात राहायची, बाकीचं भांडायचं. अरुंद झालेल्या आतड्यातून पातळ तेवढं सरकत होतं, हे साधं कारण तेव्हा ठाऊक नव्हतं. आई ताट पुढे सरकवून म्हणायची, “पेज तरी घे रे. उपाशी रवान कसा चलतला?”

जानेवारीच्या शेवटी एका रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि हिरव्या उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात उभं करून एक्स-रे काढला. त्यात आतड्यांमध्ये पाणी खाली, हवा वर, अशा पायऱ्या-पायऱ्यांच्या आडव्या रेघा दिसत होत्या. आतड्याची वाट अडली होती. नाकातून नळी, हाताला सलाइन, तोंडाने पाण्याचा थेंब नाही, असे चार दिवस गेले आणि वाट आपली आपण मोकळी झाली. मग ते सी.टी. आणि तो ‘किंवा’. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं, ज्याला डॉक्टर आय.सी. जंक्शन म्हणतात, तिथे भिंत जाड होऊन वाट अरुंद झाली होती.

पुढे कोलोनोस्कोपी. पोट साफ करायचं औषध मला दोन दिवसांत थोडं थोडं करून दिलं, कारण अडलेल्या आतड्यात एकदम एवढं पाणी ओतणं धोक्याचं. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत गेली आणि त्या अरुंद दाराशी थांबली. पलीकडे जाता आलं नाही. दारावरचे तुकडे काढून तपासायला पाठवले, त्यांचा निकाल आला: साधी सूज, विशेष काही नाही. मला वाटलं सुटलो. सर्जननी मान हलवली. आतड्याचा टीबी आतल्या अस्तराखालच्या थरात सुरू होतो. दुर्बिणीचा चिमटा वरचं अस्तरच जास्त उचलतो, खाली पोचत नाही. म्हणून ‘विशेष काही नाही’ या उत्तराने टीबीही बाद होत नाही आणि दारापलीकडच्या, न दिसलेल्या भागातला कॅन्सरही बाद होत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, पण पोटाच्या टीबीत तोही बऱ्याच जणांचा स्वच्छ असतो.

त्यांनी कागदावर दोन बाण काढले. टीबीच्या गोळ्या सुरू करून दोन महिने वाट बघायची, हा एक. पण कॅन्सर निघाला तर ते दोन महिने वाया जाणार. पोट उघडून तेवढं आतडं काढायचं, हा दुसरा. पण टीबी निघाला तर जे गोळ्यांनी बरं झालं असतं त्यासाठी आतडं कापलं असं होणार. दोन्ही बाणांच्या टोकाशी मीच उभा होतो. बायकोने विचारलं, “आणखी काही बघता येत नाही का, कापायच्या आधी?” त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, कोल्हापूरला एक मॅडम आहेत, त्या आतड्याची सोनोग्राफी करतात.

मी म्हटलं, सोनोग्राफी झालीय. ते म्हणाले, “झाली ती पोटाची. ही आतड्याची.”

फेब्रुवारीच्या मध्याला निघालो. कलमांवर कणी धरली होती, आणि मोहोर गळतोय की टिकतोय हे बघायला बागेत पाय ठेवायचं त्राण मला नव्हतं. नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असा रस्ता. सहा तास उपाशी राहायचं होतं, त्यामुळे आईने दिलेली पेज थर्मासमध्ये तशीच राहिली. घाटात गाडी वळली की मी दोन्ही हातांनी पोट धरत होतो.

मॅडम पन्नाशीच्या. त्यांनी आधी सी.टी. पाहिली, मग ती बाजूला ठेवून मला पहिल्यापासून सांगायला लावलं. गोळा वर येऊन आवाज करत सरकतो, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “किती वाजता येतो? जेवल्यावर किती वेळाने?” पुढे वाट अरुंद असली की मागचं आतडं जोर लावतं, तो जोर म्हणजेच तो गोळा, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. हे मी आधी चार डॉक्टरांना सांगितलं असेल, वेळ कुणी विचारली नव्हती.

मी आडवा झालो. पोटावर थंड जेल. आधी मोठा, बाकदार प्रोब फिरवून त्यांनी सगळं पोट एकदा पाहून घेतलं. मग तो ठेवला आणि सपाट, छोटा प्रोब घेतला. सोनोग्राफीत प्रोबमधून कानाला न ऐकू येणारा आवाज पोटात सोडतात. याचा आवाज जास्त कंपनांचा, सात ते बारा मेगाहर्ट्झचा. चित्र बारीक आणि स्वच्छ येतं, पण आवाज खोल पोचत नाही. जाड माणसाच्या पोटात तो अर्ध्या वाटेत विरतो. माझं अकरा किलो उतरलेलं वजन इथे उपयोगी पडलं, असं त्याच म्हणाल्या.

मग त्या दाबायला लागल्या. झटक्याने नाही. हळूहळू, माझ्या श्वासाबरोबर, प्रोब आत आत जात होता. या आवाजाला हवेतून पलीकडे जाता येत नाही, म्हणून आतड्यातला वायू हा सोनोग्राफीचा शत्रू. पण वायू सरकतो. सावकाश दाब दिला की तो बाजूच्या वेटोळ्यात निघून जातो, आणि ज्याची भिंत सुजलेली आहे ते आतडं मात्र दबत नाही, ताठ राहतं आणि समोर येतं. प्यूलार्ट नावाच्या डच रेडिओलॉजिस्टनी १९८६ मध्ये अपेंडिक्ससाठी ही रीत मांडली, असं मॅडमनी काम करता करता सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या रिपोर्टमधली ती ओळ आली. वायू तिथेही होता आणि इथेही होता. तिथे त्याला बाजूला करायला वेळ नव्हता.

पंचवीस मिनिटं त्या एका जागेभोवती फिरत होत्या. मध्ये मला पेल्यातून थोडं थोडं औषधी पाणी प्यायला दिलं. निरोगी माणसाला या तपासणीत पुष्कळ पाणी पाजतात, मला मात्र बेताने. ते पाणी लहान आतड्यातून पुढे सरकत अरुंद जागेशी पोचलं की मागचं आतडं फुगतं आणि अडथळा कुठे सुरू होतो ते नेमकं कळतं. हे सगळं हलतं दिसत होतं. सी.टी.त आतडं एका क्षणाला थिजलेलं असतं. इथे ते काम करत होतं: पाणी पुढे जायचं, दाराशी आपटायचं, मागे यायचं, परत पुढे. बरोबर त्याच वेळी माझ्या पोटात कळ आली आणि मॅडम म्हणाल्या, “आला ना गोळा? तो बघा.” इतके महिने मी एकटा जे सोसत होतो ते मी आणि बायको दोघंही स्क्रीनवर बघत होतो. तिने माझा पाय धरला होता.

मग चित्र गोठवून त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

“ही भिंत. नॉर्मल भिंत तीन मिलिमीटरच्या आत असते, तुमची आठ आहे. म्हणजे आजार नक्की आहे. पण नुसत्या जाडीवरून तो कोणता ते मला कळत नाही. मी हे बघते.” त्यांनी बोट रेघेवरून फिरवलं. “पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. पाच रेघा. आतलं अस्तर, त्याखालचा थर, स्नायू, बाहेरचं आवरण, या सगळ्यांच्या. भिंत जाड झालीय, मधली पांढरी रेघ तर चांगलीच रुंद झालीय, पण रेघा आहेत. थर दिसतायत.”

बायको पुढे वाकली. म्हणाली, “आंबापोळी कापल्यावर कडेने दिसतात तसे.” आमच्याकडे मेमध्ये ताटात रस ओतून वाळवायचा, त्यावर पुन्हा रस, पुन्हा ऊन, असं करत पोळी जाड होते. तिच्या कडेला प्रत्येक दिवसाच्या उन्हाची एकेक रेघ असते. मॅडमना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, कॅन्सर ही पोळी विरघळवतो. तो एका थरातून सुरू होतो आणि बाकीच्या थरांत घुसतो, त्यांच्या हद्दी पुसतो. मग तिथे रेघा राहत नाहीत, एक सलग काळपट गोळा राहतो. सूज थरांच्या आत पाणी भरते, पेशी भरते, त्यांना जाड करते, पण सहसा त्यांची हद्द पाळते.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. माझा अरुंद भाग साडेपाच सेंटिमीटर लांब होता, आणि जाडी सगळीकडून सारखी होती. मोठ्या आतड्यातला कॅन्सर बहुधा आखूड तुकड्यात असतो, एका बाजूला जास्त जाड, आणि दोन्ही टोकांना एकदम खांद्यासारखा उठलेला. माझ्या भिंतीची जाडी हळूहळू वाढत गेली होती आणि हळूहळूच उतरली होती. तिथून मागे लहान आतड्यात त्यांना आणखी एक आखूड अरुंद जागा सापडली. दोन्हींच्या मधलं आतडं भिंतीने चांगलं होतं, फक्त पाण्याने फुगून साडेतीन सेंटिमीटर रुंद झालेलं. अशा सोडून सोडून जागा टीबीत असतात, क्रोन्स नावाच्या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात असतात. कॅन्सर असा क्वचित वागतो. मग त्यांनी आतड्याच्या मुळाशी, रक्तवाहिन्या येतात त्या पडद्यात, लसीका गाठी (लिम्फ नोड) दाखवल्या. एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये काळ्या. त्यातल्या एकीत पांढरा ठिपका होता आणि ठिपक्यामागे सावली, म्हणजे चुना साठलेला. मधला काळा भाग म्हणजे सडलेला, आणि तो त्यांना टीबीकडे झुकवणारा सगळ्यात मोठा पुरावा वाटत होता. पोटात कडेला थोडं पाणीही होतं, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू तरंगत होते.

शेवटी रंग लावले. डॉपलरमध्ये, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या चित्रात, भिंतीत लाल-निळे ठिपके चमकत होते. तिथे रक्त खेळतंय, सूज जिवंत आहे. सूज जिवंत आहे म्हणजे औषधाला वाव आहे. नुसता जुना व्रण असता तर रंग इतका आला नसता. पण रंगावरून टीबी की कॅन्सर ते ठरवू नका, कॅन्सरमध्येही रक्त खेळतं, हे त्यांनी लगेच बजावलं. मोठ्या ठिकाणी शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देऊन किंवा भिंतीचा कडकपणा मोजूनही बघतात, पण जुना व्रणही कडक असतो आणि कॅन्सरही, म्हणून त्यानेही शेवटचं उत्तर मिळत नाही, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “म्हणजे कॅन्सर नाही?”

त्या म्हणाल्या, “मला तसं वाटतंय. पण वाटण्यावर सहा महिन्यांच्या गोळ्या मी कुणाला देऊ देणार नाही. फार सूज असली तर टीबीतही थर पुसले जातात. काही कॅन्सर असे असतात की ते थरांच्या मधूनमधून पसरतात आणि थर दिसत राहतात.”

मी त्यांना साक्याबद्दल सांगितलं. हापूसच्या आत साका असला की गर पांढरट, स्पंजासारखा होतो, आणि बाहेरून साल सोनेरी, वास घमघमीत. तीस वर्षं आंबा हाताळून मला अजून तो कापल्याशिवाय ओळखता येत नाही. मॅडम म्हणाल्या, “मला तुमचं आतडं कापायचं नाही. पण त्या गाठीत सुई घालू दे.”

मला तो दिवस ज्यासाठी आठवतो ते हे. सोनोग्राफीने नुसतं मत दिलं नाही, कुठून तुकडा घ्यायचा ती जागाही दाखवली. दुर्बिणीला जे दारातून दिसत नव्हतं ते बाहेरून, पोटाच्या कातडीवरून, दिसत होतं, आणि जे दिसतं तिथे सुई पोचवता येते. रक्त गोठण्याची तपासणी करून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जागा बधिर केली. एका हाताने प्रोब दाबून आतडी बाजूला सारली, दुसऱ्या हाताने सुई घातली. सुई स्क्रीनवर पांढऱ्या काडीसारखी उतरत होती. मला दुखलं ते दाबाचं, सुईचं नाही. दोनदा घातली. घट्ट, फिकट पिवळं असं काहीतरी सिरिंजमध्ये आलं. थोडं काचेवर पसरलं, थोडं टीबीच्या जनुकीय तपासणीसाठी छोट्या बाटलीत गेलं.

त्या तपासणीला सीबीनाट म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिच्या निकालाचा फोन आला: टीबीचे जंतू सापडले, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल. काचेवरच्या पेशींचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला, त्यातही टीबीचीच खूण होती. आई देवापुढे बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. ‘टीबी आहे’ हे ऐकून घरात आनंद होतो, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

औषधांबद्दल थोडक्यात सांगतो. सरकारी केंद्रातून निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद झाली. रोज चार गोळ्या, दोन महिने चार औषधांच्या आणि पुढे चार महिने तीन औषधांच्या. लघवी केशरी व्हायची, ते रिफाम्पिसिनमुळे. पोषणासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पहिल्या तीन आठवड्यांत संध्याकाळचा ताप गेला. त्या साली आंबा भावाने काढला, मी पेटीला कागद लावत बसायचो.

दोन महिन्यांनी आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा घाट चढून गेलो. आठ मिलिमीटरची भिंत आधी पाच झाली, मग साडेतीन. गाठी आकसल्या. मागची दुसरी अरुंद जागा शोधूनही सापडली नाही. दारापाशी मात्र थोडा अरुंदपणा राहिलाय. तिथे आता रंग येत नाही, म्हणजे तो व्रण आहे. टीबी बरा होतानाच जखम आवळून घेते आणि तो आवळा गोळ्यांनी सुटत नाही. सर्जन म्हणाले, त्रास झाला तर फुग्याने रुंद करू किंवा छोटं ऑपरेशन करू, नाही तर राहू दे. राहू दिलंय. शेवग्याच्या शेंगा आणि फणसाचे रेषाळ गरे मी खात नाही, बाकी सगळं जेवतो. वजन ६६ आहे.

एवढंच असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. २०२४ च्या गणपतीत मामा आमच्याकडे आले, मालवणकडचे, आयुष्य समुद्रावर गेलेलं. सहा महिने शौचाला रक्त जात होतं आणि मूळव्याधीची औषधं चालली होती. शौच बारीक, रिबिनीसारखी होत होती, हेही त्यांनी आरतीनंतर अंगणात, अंधारात सांगितलं. मी म्हटलं, कोलोनोस्कोपी करू. त्यांनी साफ नाही म्हटलं. “तसली नळी मी घालून घेवचंय नाय.” दोन दिवस आम्ही सगळ्यांनी समजावलं. शेवटी मी म्हटलं, नळी नको, पोटावरून तरी बघून घ्या. त्याला ते तयार झाले. माझ्या मनात होतं की चित्र बघितल्यावर ते पुढचंही ऐकतील. मोठ्या आतड्यातली लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, तेव्हा तिथे काही दिसलं नसतं तरी नळी चुकणार नव्हती, हे मॅडमनी मला फोनवरच सांगून ठेवलं होतं.

तीच खोली, तोच सपाट प्रोब. या वेळी डावीकडे, खाली. मी बायकोच्या जागी उभा होतो. मॅडम बोलता बोलता थांबल्या. माझ्या वेळी त्या सतत सांगत होत्या, आता फक्त मोजत होत्या. मी स्क्रीनवर रेघा शोधत होतो. आतड्याच्या वरच्या भागात त्या होत्या, पातळ, सुरेख. मग एका ठिकाणी भिंत एकदम उचलली गेली होती आणि पुढचे चार सेंटिमीटर रेघच नव्हती. काळपट, ओबडधोबड, एका बाजूला चौदा मिलिमीटर जाड, मधोमध एक वेडीवाकडी पांढरी फट. आडव्या छेदात ते हुबेहूब मूत्रपिंडासारखं दिसत होतं. या दृश्याला डॉक्टर खोटं मूत्रपिंडच म्हणतात. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती, आणि ते ज्ञान त्या क्षणी मला नको होतं.

मामांनी विचारलं, “काय ता स्पष्ट सांगा.”

मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आधी चांगलं आतडं दाखवलं, थर मोजून दाखवले. मग ती जागा दाखवली. म्हणाल्या, “मामा, इथे थर नाहीत. हे काय आहे ते तुकडा काढल्याशिवाय मी लिहिणार नाही. पण तो तुकडा या आठवड्यात काढायला हवा, पुढच्या महिन्यात नाही.” मामा बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “घाला नळी.”

कोलोनोस्कोपी चौथ्या दिवशी झाली. तुकड्यात कॅन्सर निघाला. तो कुठवर पसरलाय हे बघायला सी.टी. करावीच लागली, ते काम पोटावरच्या सोनोग्राफीचं नाही. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं. आतड्याचा तेवढा भाग काढून दोन टोकं जोडली, पोटावर पिशवी लावावी लागली नाही. सोबत काढलेल्या सोळा लसीका गाठी तपासल्या, त्यातल्या दोनमध्ये कॅन्सरच्या पेशी होत्या. म्हणून केमो. हातापायांना मुंग्या यायच्या, थंड पाण्याला हात लावता यायचा नाही. मासेमारी केलेल्या माणसाला बर्फाला हात लावू नका सांगणं फार कठीण गेलं.

केमोच्या मधल्या एका फेरीला घाटातून परत येताना ते गाडीत मागे बसले होते. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुजे थर शाबूत होते रे. माजे नव्हते.” मी मागे वळून त्यांचा हात धरला. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

केमो संपल्यावर, मे २०२५ मध्ये, आंबा उतरवून झाला आणि आम्ही तपासणीला गेलो. सी.टी. आदल्या दिवशी झाली होती, ती चांगली होती. सी.ई.ए. नावाची रक्ततपासणीही ठीक. मॅडमना भेटायचं तसं कारण नव्हतं. मामांनीच हट्ट धरला, आणि येताना एक पेटी त्यांच्यासाठी घ्यायला लावली. मॅडमनी त्यांना आडवं केलं, सपाट प्रोब घेतला आणि जोड शोधायला सुरुवात केली. मामा मान वळवून स्क्रीनकडे बघत होते. त्यांना ती नीट दिसत नव्हती, म्हणून मॅडमनी ती आधीच फिरवून ठेवली.

“हा जोड,” त्या म्हणाल्या. “ही याची वरची बाजू, ही खालची. तुम्हीच सांगा मामा, काय दिसतंय?”

मामांनी बोट उचललं आणि हळूहळू मोजायला लागले. पांढरी. काळी. पांढरी.